आमच्या घरमालकांची गोगलगाय

जळगावात समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या घरमालकांनी कधी मनावरच घेतली नाही. भर मे महिन्यात सगळी गल्ली दारं-खिडक्या लावून कूलरसमोर पडलेली असे, तेव्हा हे गृहस्थ जिन्याच्या उजेडात परात घेऊन बसत, आणि परातीत असे मालवणची वाळू. धंदा डाळमिलचा, घराणं राजस्थानातून आलेलं जैन, वय साठीच्या पुढचं आणि नाद चिमुकल्या समुद्री शंखांचा. मोहरीहून मोठा शंख दिसला की ते तो बाजूला सारत. "हा मोठा. हा कोणीपण बघेल." मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा. खोली बघायला गेलो आणि माझा विषय कळला, तेव्हा नळाला पाणी कधी येतं हे सांगायच्या आधी त्यांनी मला भिंग आणून दिलं.

हा नाद कसा लागला ते भाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला सांगितलं. पन्नाशीनंतर शेठजी पहिल्यांदा समुद्र बघून आले, तेव्हा पँटच्या दुमडीतून वाळू घरी आली. भाभी ती झटकणार, एवढ्यात यांनी ती ताटात पसरली, डाळीचा नमुना बघताना फिरवतात तसं बोट फिरवलं आणि थांबले. "तवापासून हा माणूस जेवणाच्या ताटातपण बोट फिरवतो," भाभी म्हणत. पुढे गल्लीतलं कोणीही कोकणात निघालं की त्याच्या हाती कापडी पिशवी जाई. लग्न होऊन गोव्याला निघालेली जोडपीही त्यातून सुटली नाहीत. "कोरडी आणा बरं का, भरती जिथे थांबते तिथली. ओली नको, ओलीत कोणी राहत असेल." श्वासानेही शंख उडतात म्हणून ते तोंडाला पांढरा रुमाल बांधून बसत. ते बघून समोरच्या काकूंना वाटलं, यांनी दीक्षाच घेतली. त्या भाभींच्या गळ्यात पडून मनसोक्त रडून गेल्या, आणि भाभींनीही चहा होईपर्यंत त्यांना रडू दिलं.

एका दुपारी त्यांनी मला खालून हाक मारली. ब्रशच्या टोकावर खसखशीएवढा एक शंख होता. देवळाच्या शिखरासारखा निमुळता, अंगावर उभ्या, उठावदार रेघा आणि तोंडाशी एक बारीक दात. आम्ही पुस्तकं धुंडाळली, फोटो ताडून पाहिले, कुठेच जुळेना. शेवटी मी ते फोटो गोव्यातल्या एका संशोधक बाईंना पाठवले. त्यांचं सगळं आयुष्य या गोगलगायींत गेलेलं. त्यांचा फोन आला, "बहुतेक नवी जात आहे. जिवंत मिळाली तर स्पिरिटमध्ये ठेवू, आतली रचना बघता येईल." स्पिरिट म्हटल्यावर शेठजींनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "आधी भेटू तर द्या."

भेट झाली ती मालवणला, ओहोटीच्या वेळी. बाई दगडांखालचं शेवाळ टबात धूत होत्या, मी गाळत होतो, आणि शेठजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून प्रत्येक दगडाची माफी मागत उभे होते. अखेर एक सापडली. बाईंनी ती काचेच्या वाटीत ठेवली आणि शेठजींना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग शंखातून दोन धाग्यांएवढी शिंगं बाहेर आली, आणि त्यांच्या बुडाशी दोन काळे ठिपके.

"सर," शेठजी पुटपुटले, "ही बघतेय."

बाईंनी स्पिरिटची बाटली उघडली. शेठजींनी वाटीवर तळहात धरला.

"शेठजी, हिचे आतले दात बघितल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही. एवढासा तर जीव—"

"जीव एवढासा नसतो, बाई. शंख एवढासा आहे."

"मग नाव मिळणार नाही तिला."

"नसू दे. इतके दिवस बिननावाचीच राहिली ना?"

हे ते बोलले खरे, पण त्या नावासाठी त्यांनी किती वाळू उपसली होती, हे मी बघितलं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी समुद्राकडे पाहिलं. मग त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि पाणी चढेपर्यंत त्या गोगलगायीचे फोटो काढत बसल्या. त्यानंतर शेठजी ती वाटी घेऊन गुडघाभर पाण्यात गेले, तिचाच दगड शोधून काढला आणि तिला तिच्या घरी सोडून आले. परतीच्या वाटेवर आम्ही धुळ्याला चहासाठी थांबलो. तिथे शेठजी कप हातात धरून म्हणाले, "चुकलो का सर मी?" मी आणखी एक चहा सांगितला.

महिन्याभराने बाईंचाच फोन आला. रिकाम्या शंखांवरूनही वर्णन करता येईल. मात्र लहानमोठे पुष्कळ शंख हवेत, म्हणजे ही दुसऱ्याच कुठल्या जातीची पिल्लं नाहीत हे दाखवता येईल. मग काय, घरातली प्रत्येक परात वाळूने भरली. भाभी आधी कुरकुरल्या, मग स्वतःच चष्मा पुसून बसल्या, आणि शेठजींपेक्षा जास्त शंख त्यांनाच सापडले. शेठजींनी हे सगळ्या मिलभर सांगितलं. वर्णन छापून आलं. बाईंना त्या जातीला शेठजींचं नाव द्यायचं होतं. शेठजींनी हातच जोडले: "तिच्या अंगाला आपलं नाव कशाला चिकटवता?" तेव्हा बाईंनी तिचं नाव अभया ठेवलं. मी ते सांगितलं तेव्हा शेठजी उठून आत गेले. त्यांचा आवाज मात्र बाहेर ऐकू आला, "अगं, बाईंनी समजून घेतलं."

पुढे माझी बदली धुळ्याला झाली. यंदा दिवाळीत भेटायला गेलो, तर शेठजींची नजर पार मंदावली होती. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं, त्याला चष्म्याचा उपयोग नाही. तरी भाभींनी परात मांडली. "तुम्ही बघा सर, मी ऐकतो," ते म्हणाले. मी एकेक शंख भिंगाखाली घेऊन सांगत गेलो, आणि ते डोळे मिटून गावातली माणसं ओळखावीत तसे ते शंख ओळखत गेले. एका शंखाशी मात्र अडले.

"तोंडाशी दात आहे?"

"नाही."

"रेघा?"

"आडव्या. फार बारीक."

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "ही आपल्याला भेटलेली नाही, सर," आणि त्यांनी हात पुढे केला. मी ब्रशने तो शंख त्यांच्या तळहातावर ठेवला. तो इतका हलका होता की हातावर काही आहे, हे त्यांना कळणं शक्यच नव्हतं. तरी ते तळहात जराही न हलवता तसेच बसून राहिले, आणि भाभींनी उठून हळूच पंखा बंद केला.