उकळून प्या

पाणीखात्यातल्या त्या फिटरला गल्लीत सगळे ‘कानवाले’ म्हणत. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते सांगायचं, हे त्याचं तीस वर्षांचं काम. चुकलं तर रस्ता उगाच खोदला जातो, म्हणून खात्री झाल्याशिवाय तो तोंड उघडत नसे.

त्या दिवशी त्याने आपल्याच गल्लीत तोंड उघडलं. गटाराला लागूनच नळ फुटला होता आणि गटाराचं पाणी त्यात शिरत होतं. खोदायचा हुकूम यायला आठवडा जाणार, तोवर लोकांना कळायला तर हवं! खिशात एका पक्षाचं पत्रक होतं, सकाळी कुणीतरी हातात कोंबलेलं. त्याच्या कोऱ्या बाजूवर त्याने ठसठशीत लिहिलं, ‘पाणी उकळून प्या’, आणि ते भिंतीवर चिकटवलं.

तिथेच घोटाळा झाला. कुणीतरी कागद उचकटून मागची बाजू पाहिली. झालं! संध्याकाळपर्यंत उकळणारे एका पक्षाचे आणि न उकळणारे दुसऱ्याचे. नळ कुठे फुटलाय, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. न उकळणाऱ्यांनी चौकात मंडप टाकून नळाचं पाणी घटाघटा पिऊन दाखवलं. त्यात सगळ्यांत पुढे कोण, तर त्याचाच धाकटा भाऊ! आणि उकळणारे तरी काय दिवे लावत होते? त्यांनी फिटरला हार घातला आणि कानात सांगितलं, “एवढ्यात दुरुस्ती नको, निवडणूक होऊ दे.”

फिटरच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तडक भावाकडे गेला.

“अरे, घरात तीन वर्षांची पोर आहे. तिला तरी उकळून दे!”

“दादा, तुला हे पढवलं कुणी?”

“कांबीने! चल, तूच कान लावून बघ.”

“कांबही त्यांचीच असेल,” भाऊ हसत म्हणाला.



तीन दिवसांनी भावजय मागच्या दाराने आली. पुतणीला जुलाब लागले होते.

“भाऊजी, मी गुपचूप उकळत होते हो. पण ह्यांना चवीवरून कळलं. सगळं पाणी ओतून दिलं.”

तीस वर्षांत त्याने कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

“गार झालं की दोन भांड्यांतून वरून खाली दहाबारा वेळा ओत,” तो शेवटी म्हणाला. “हवा मिसळली की चव कळत नाही. आणि विचारलंच, तर पोरीची शपथ घेऊन सांग, नळाचंच आहे.”