वीस रॅक आणि एक स्टूल

देवळीत माझं लोखंडी फर्निचरचं दुकान आहे. वर्ध्याकडच्या एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपालाने माझी वीस रॅकची ऑर्डर रद्द केली. तो राग अजून गेलेला नाही.

भांडायला गेलो, तर ते ग्रंथालयात नव्हते. वरच्या प्रयोगशाळेत सापडले. भिंतीला टेकून उभे होते. समोर एक संशोधक बाई काचेच्या नळ्यांवर वाकून बोलत होती आणि हे मान हलवत वहीत टिपून घेत होते.

"रॅक काऊन नाई पाह्यजे?" मी बाहेर बोलावून विचारलं.

"मॅडम सकाळपासून जागच्या हलल्या नाई, भाऊ. हलल्या तर प्रयोग वाया जाते. तुमच्या रॅकपाशी येतीन कवा? म्हणून मीच येतो. काय अडलं ते पाह्यतो, अन् त्यावरचे लेख शोधून मोबाईलवर धाडतो."

"मंग उभे काऊन?"

"बसाले काई नाई."

धंद्याच्या सुरुवातीला मीही गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन भिंत मोजायचो, मगच कपाट विकायचो. हे त्यांना सांगितलं नाही. स्टुलाचा भाव सांगितला. तोही त्यांनी पाडून घेतला.

स्टूल पाठवताना पायांना रबर मात्र मी पदरचं लावलं. स्टूल सरकवताना आवाज झाला असता, तर त्या बाईचा हात हलला असता.