खराब सुईची चित्रं

माझी मावशी सुया करायची. शिवणाच्या नव्हेत. टंगस्टनची तार कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून, वीज सोडून ती अशी झिजवायची की टोकाला जेमतेम एखादा अणू उरावा. त्या सुईने प्रयोगशाळेतलं यंत्र पदार्थ चाचपायचं आणि त्यात इलेक्ट्रॉन कुठे कसे वागतात याचं चित्र काढायचं. पदार्थ कसला, तर उच्च तापमानाचा अतिवाहक. उच्च म्हणजे तरी काय, बर्फापेक्षा जवळजवळ पावणेदोनशे अंशांनी थंड! तेवढ्या थंडीत त्यातले इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात आणि वीज विनाअडथळा वाहते. हे नाव देणाऱ्याला कधी चटका बसला नसावा.

एका सकाळी चित्रात ठिपके आले. केसाच्या जाडीत वीस हजार बसतील एवढे बारीक. एकात इलेक्ट्रॉनच्या जोड्या घट्ट, शेजारच्यात सैल. विभागप्रमुखांनी डोळे वटारले.

"बाई, स्फटिक सगळीकडे सारखाच असतो. तुमची सुई खराब आहे."

"सुई खराब असती तर अणूंच्या रांगा इतक्या स्वच्छ दिसल्या असत्या का, सर?"

तिने सुई बदलली, पुन्हा बदलली, स्फटिकाचा नवा तुकडा लावला. ठिपके हटायला तयार नाहीत. मग साहेबांनी काय करावं? तिच्या गोपनीय अहवालात शेरा मारला, 'कामात निष्काळजी. सुया सदोष.' आणि तिची रवानगी केली भांडारात. जिचा हात श्वास घेतानाही हलत नसे, ती बाई आठ वर्षं हातमोजे आणि स्क्रू वाटत बसली. माझं डोकं आजही सणकतं. काका म्हणायचे, सोडून दे आता. तिला सोडायचं नव्हतं. निवृत्तीआधी तो शेरा खोडलेला तिला बघायचा होता, एवढंच.

मग दुसऱ्या कुठल्याशा प्रयोगशाळेने तसेच ठिपके छापून आणले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच दिवशी साहेब भांडारात हजर, जिभेवर साखर.

"बाई, तुमची ती जुनी चित्रं हवी होती. आपण हे आधीच पाहिलं होतं, असं दाखवता येईल."

"आपण?" मावशी म्हणाली. "आधी शेरा खोडा. सुया निर्दोष होत्या असं लिहा. सहीशिक्क्यानिशी."

"चार महिन्यांत निवृत्त होताय. आता काय फरक पडतो?"

"पडत नसेल तर लिहा की."

साहेबांनी दात-ओठ खात लिहिलं. तो कागद पर्समध्ये ठेवून मावशीने दुसरा पुढे सरकवला. आठ वर्षांपूर्वीचा, त्यांच्याच सहीचा हुकूम होता. सदोष सुईने काढलेली सर्व चित्रे पुसून टाकावीत.

"पुसली, सर. त्याच दिवशी."

हे ऐकून मी टाळ्याच पिटल्या. चांगली जिरवलीस, म्हटलं. तर मावशी माझ्यावरच उखडली.

"जिरवली काय? ती चित्रं खरी आहेत हे त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं. आणि पुसली कोणी? मीच ना?"