उन्हात वाळवलेले जीव

आईचं माहेर तुंगभद्रेकाठचं, भातखाऊ. लग्न होऊन होटगीला आली ती थेट ज्वारीच्या राज्यात. तळ्याखाली आमचे दोन वाफे कायम ओले असत, तेवढ्यात ती हट्टानं भात लावी. पण पीक दरवर्षी पिवळं पडे. शेवटी अण्णांनी, माझ्या वडिलांनी, निक्षून सांगितलं, "एवढ्या बारीला बगू. न्हाय आलं तर फुडच्या वर्सी चर काढून ज्वारी पेरनार." मग आई दिवसभर भांड्यांशी कन्नडात भांडत राहिली.

मी तेव्हा सोलापूरला कॉलेजात होते, सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली मातीतले जिवाणू दाखवले. तांदळाच्या कण्यांसारखे इवलाले, जोडीजोडीनं. हेच हवेतला नत्र धरून मुळांना पुरवतात म्हणे! अंगावर काटा आला माझ्या. ज्यांना आपण जन्मभर तुडवत चालतो ते आपल्यासाठी राबतात, आणि कुणाला पत्ता नाही. मी सरांकडून त्या जिवाणूंच्या काळ्या भुकटीच्या दोन पुड्या मागून आणल्या.

"आई, यात जित्ते जीव हाईत."

"जित्ते व्हय? मग तहान लागंल की त्यांना!" तिनं एक पुडी ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणापाशी ठेवली. दुसरी फळीवर राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर अण्णांनी फळीवरची पुडी अंगणात पोत्यावर पसरलेली. पेरण्याआधी बियाणाला ऊन दाखवायचं, ही आमच्याकडची रीतच.

"अण्णा, हे काय केलं? उन्हानं मरतील की ते!"

"जीव हाईत म्हनलीस की तू. म्हनून तर कडक ऊन दिलं. बियात कीड ऱ्हाऊन कसं चालंल?"

हसावं की रडावं कळेना. आईनं कपाळावर हात मारला. अण्णाही हटले नाहीत, तीच पुडी वापरायची म्हणाले. लावणीच्या दिवशी आम्ही रोपांची मुळं भुकटी कालवलेल्या पाण्यात बुडवली. एका वाफ्याला रांजणाशेजारची पुडी, दुसऱ्याला उन्हातली.

भात पोटरीला येऊन लोंब्या फुटायच्या बेतात होत्या तेव्हा आईनं मला हाताला धरून बांधावर नेलं. उन्हातला वाफा नेहमीसारखा पिवळट. शेजारचा हिरवागार, चांगला वीतभर उंच. माती एक, पाणी एक, हात आमचेच. मी पुस्तकात वाचलं होतं सगळं, तरी तिथं मी दोन्ही वाफ्यांतली पानं पुन्हापुन्हा हातात घेऊन पाहत राहिले. आई खाली वाकून त्या चिखलाच्या पाया पडली.

अण्णा रोज तिकडून जाताना पिवळ्या वाफ्यापाशी थबकत.

वेळा अमावस्येला, रानाची पूजा करायच्या दिवशी, ते रिवाजाप्रमाणे रानभर आंबील शिंपत फिरले. कापणी झालेल्या भातापाशी थांबले, आणि पिवळ्या वाफ्यात मडक्यातली उरलेली सगळी आंबील ओतली.

"लई जीव मारलं गं मी हितं," ते आईला म्हणाले. "फुडच्या वर्सी दोनी पुड्या तूच संबाळ."