आभार सोडून काहीही

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तळमजल्यावर तक्रारींची एकच खिडकी आहे. तिच्या काचेला बोलण्यासाठी जे गोल भोक पाडलंय, ते नेमकं कुणाच्याच तोंडासमोर येत नाही. उंच माणसाला वाकावं लागतं, बुटक्याला चवड्यांवर उभं राहावं लागतं. नळाला पाणी नाही म्हणून आधीच तापलेला माणूस तिथे असा कसरत करत उभा राहिला की त्याचा पारा आणखी चढतो. पण पलीकडे खिडकीताई बसलेल्या असतात. माणूस तोंड उघडतो, "तुम्ही लोक समजता काय स्वतःला" एवढं म्हणतो, आणि मग त्याला काय होतं कोण जाणे. खांदे खाली येतात. तो कपाळ पुसतो. "म्हणजे, तुमची काही चूक नाही म्हणा," असं पुटपुटून तो आपला पत्ता नीट सांगायला लागतो.

कचेरीतल्या साहेब मंडळींना वाटतं, बाई गोड बोलून गुंडाळतात. साफ खोटं आहे ते. "पुढे बोला" आणि "मोठ्याने बोला" एवढाच खिडकीताईंचा शब्दसाठा. माणसाचा राग त्यांच्यासमोर टिकतच नाही, बस्स. लहानपणी त्या एका सार्वजनिक बागेत कारंज्यामागे हरवल्या होत्या. सापडल्या तेव्हा केसांची अशी काही वेणी घातलेली होती की त्यांच्या आईला ती सोडवता येईना. कुणी घातली विचारलं, तर "तिथल्या बाईने" एवढंच पोरीला सांगता आलं. ती बाई माणसातली नव्हती, हे मोठेपणी त्यांना 'आपल्यातल्यां'नी सांगितलं. खिडकीताईंना परीचा हात लागला होता.

'आपल्यातले' म्हणजे या शहरातली परीचा हात लागलेली माणसं. पंख, चमचमती छडी असलं काही डोळ्यांसमोर आणू नका, निराशा होईल. एक लिफ्ट दुरुस्त करणारा आहे. तो आत असताना लिफ्ट कधी मधेच अडकत नाही. एक दातांची डॉक्टरीण आहे. तिने दाढ काढली तर दुखत नाही. एक टॅक्सीवाले काका आहेत. त्यांना सिग्नल कायम हिरवा मिळतो आणि त्यामुळे गिऱ्हाइकाशी गप्पा अर्ध्यावर तुटतात, ही त्यांची जन्माची कुरकुर आहे. रविवारी दुपारी ही मंडळी एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानामागच्या खोलीत, प्लास्टिक घालून टांगलेल्या कोटांच्या रांगेखाली, चहाला जमतात.

परीने दिलेलं फुकट नसतं. समोरच्याने मनापासून आभार मानले आणि ते कानावर पडले, की तो माणूस यांच्या डोक्यातून पुसला जातो. नाव, चेहरा, सगळं. परक्याने मानले तर काही बिघडत नाही. खिडकीताई दिवसाकाठी कितीतरी माणसं अशी विसरतात. "अहो बाई, आत्ताच तर सांगितलं तुम्हाला!" असं म्हणत कुणी परत आलं की त्या निर्विकारपणे "नाव?" विचारतात, आणि कचेरीच्या खिडकीवर त्याचं कुणाला नवलही वाटत नाही.

जिवाभावाच्या माणसाने मानले तर मात्र संपलं. म्हणून त्या मागच्या खोलीत एक रीत पाळतात. आभार सोडून काहीही बोला. चहा फक्कड झाला की "हे काय गटाराचं पाणी!" असं म्हणायचं. डॉक्टरणीने लिफ्टवाल्याची किडकी दाढ अलगद काढली तेव्हा तो तिला "कसाईण आहेस तू" म्हणाला, आणि त्या बाईचे डोळे भरून आले.

दुसरी रीत अशी, की यातलं अक्षरही घरी सांगायचं नाही. लिफ्टवाल्याने बायकोला सांगितलं होतं. पुढे दोघांचं पटेना. ती घर सोडून निघाली, आणि हा मागे झुरत बसेल म्हणून तिलाच त्याची दया आली. दारात थांबून तिने त्याचे अगदी मनापासून आभार मानले आणि गेली. चांगल्या बुद्धीने केलं हो तिने. त्याच्या न्हाणीघरात टूथब्रश ठेवायचा स्टँड आहे, त्याला दोन भोकं आहेत, आणि दुसरं कशाला ते त्याला आठवत नाही. ही हकीकतसुद्धा त्याला इतरांनीच सांगितलेली.

खिडकीताईंना हे कुणी पढवायला नकोच होतं. त्यांनी स्वतः भोगलं होतं.

लेक तेव्हा बालवाडीत होती. कुणी मदत केली की काय म्हणायचं, हे बाईंनी नुकतंच शिकवलं होतं. खिडकीताई दारात गुडघे टेकून पोरीच्या बुटाची नाडी बांधत होत्या. बांधून झाली. पोरीने दोन्ही हात आईच्या गालांवर ठेवले आणि शिकवलेला शब्द म्हणून दाखवला, लहान मुलं म्हणतात तसा, सगळा जीव ओतून. खिडकीताईंनी वर पाहिलं. समोर एक अनोळखी, गोडशी मुलगी उभी होती.

"कुणाची गं तू, बाळ?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने परोपरीने सांगितलं, आपलीच आहे. अल्बम काढून दाखवले. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, 'मनावरचा ताण' असं निदानही झालं. पण खिडकीताईंना पोटातलं हलणं आठवेना, कळा आठवेनात, पहिला दात, पहिलं पाऊल, काही म्हणता काही नाही. पोरगी पडद्याआड उभी राहून सगळं बघत होती. त्यांनी तिला जवळ घेतलं तेव्हा आत काहीच हललं नाही. हे त्यांनी आजवर कुणापाशी बोललेलं नाही. मग त्या हळूहळू तिला शिकल्या. ती कुठल्या कुशीवर झोपते, ताटात काय टाकते, कशाला घाबरते. पोटच्या पोरीला त्यांनी दत्तक घेतलं, असं म्हणा ना. आणि एके दिवशी शाळेतून यायला तिला उशीर झाला, तेव्हा त्या अनवाणीच शाळेच्या वाटेला धावल्या, आणि त्यांना कळलं की आता ही आपली झाली.

त्यानंतर घरात तो शब्द बंद. "घरच्यांचे कसले आभार? मला परकं करतेस का?" असं तर कुठलीही आई म्हणते, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. नवऱ्याची काळजी नव्हतीच. त्या गृहस्थाने जन्मात कुणाचे आभार मानले नाहीत. लोक त्याला उर्मट म्हणत, खिडकीताईंना तो त्याचा सर्वांत मोठा गुण वाटे. शेवटच्या आजारातही "ही उशी टोचते" अशी तक्रार करतच तो गेला, आणि त्याच्यासकट सगळा संसार त्यांच्या आठवणीत शाबूत राहिला. लेकही बापाच्याच वळणावर गेली. भाजी खारट, डबा गार, शिवलेला फ्रॉक एका बाजूने लांब. शेजारणी नाक मुरडायच्या, काय कृतघ्न कार्टी आहे म्हणायच्या. खिडकीताईंचा जीव भांड्यात पडायचा.

ती कार्टी पुढे कानांची तज्ज्ञ झाली. ऐकू कमी येणाऱ्यांना तपासायचं, यंत्रं बसवून द्यायची. बरीच वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढल्यावर तिने स्वतःचं केंद्र उघडायचं ठरवलं, आणि एक दिवस तिचा फोन आला.

"आई, उद्घाटन पुढच्या रविवारी दुपारी. पहिल्या रांगेत बसायचं हं. शेवटी आभार मीच मानणार आहे."

खिडकीताईंनी घाईने विचारलं, "कुणाचे?"

"सगळ्यांचेच. आणि तुझ्याबद्दल तर बोलणारच आहे. इतकी वर्षं मनात ठेवलंय."

त्याआधीच्या रविवारी कोटांखालच्या खोलीत चहा कुणी चाखलाही नाही. ताप आलाय म्हणून सांगा आणि जाऊच नका, असं टॅक्सीवाले काका म्हणाले. लिफ्टवाला म्हणाला, "ताई, मेन स्विच मी बघतो. तुमचं नाव निघालं की माईक बंद." डॉक्टरणीने मेण लावलेल्या कापसाचे बोळे पुढे केले. "पण आधी भांडून बघा तिच्याशी," ती म्हणाली. "चिडलेली मुलगी कशाला आभार मानतेय?"

सल्ला बरा होता. खिडकीताई नव्या केंद्रात गेल्या आणि दारातूनच सुरू झाल्या. "हा रंग कुठल्या आंधळ्याने निवडला?"

लेकीच्या भुवया चढल्या. तोंड उघडलं. मग खांदे खाली आले. "जरा भडकच झालाय, नाही?"

"खुर्च्या आहेत की सापळे?"

"बदलते गं."

शेवटी खिडकीताईंनी जीभ कचरत असतानाही म्हणून टाकलं, "तुझ्या बाबांना हे असलं कधीच आवडलं नसतं!" लेकीचे डोळे क्षणभर पेटले. खिडकीताईंना केवढी आशा वाटली! पण लेकीने जवळ येऊन त्यांचा हात हातात घेतला. "आई, तू दमलीयेस का?" अख्ख्या शहराचा राग विझवणारी ही बाई, आणि स्वतःला हवा होता तेव्हा तिला चमचाभर राग मिळेना.

सांगून टाकावं का, असंही मनात आलं. पण लिफ्टवाल्याचा तो टूथब्रशचा स्टँड डोळ्यांसमोर येई. आणि सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार, की पोरी, तुझं पहिलं पाऊल मला आठवत नाही. कुठल्या तोंडाने सांगणार?

तेव्हा उद्घाटनाला त्या कानात बोळे घालून, वरून केस ओढून, पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. कानतपासणी केंद्राच्या उद्घाटनाला कान बंद करून आलेला जगातला हा पहिलाच पाहुणा असावा. पाहुण्यांची भाषणं झाली, म्हणजे तोंडं हलली. मागच्या रांगेत काका आणि डॉक्टरीण होते. बाहेर बोळात स्विचपाशी लिफ्टवाला. मग लेक उठली.

खिडकीताई तिला डोळे भरून बघत होत्या. डाव्या भुवईतला तो व्रण, बोलताना एका पायावर भार टाकून उभं राहणं, कानामागे न राहणारी बट. लोक मधूनमधून टाळ्या वाजवत होते. मग लेक त्यांच्याकडे वळली आणि बोलता बोलता थांबली. दिवसभर माणसांचे कान बघणारी ती, तिच्यापासून काय लपणार? तिने स्वतःच्या कानाकडे बोट केलं आणि दोन बोटांनी काहीतरी उपटून काढल्यासारखं करून दाखवलं. काढ.

खिडकीताईंनी मान हलवली. नाही.

लेक माईक धरून नुसती उभी राहिली. सगळी माणसं वळून बघायला लागली. लेकीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पडद्याआडून बघणाऱ्या पोरीचा चेहरा होता तो, बोलावलं तर यावं म्हणून थांबलेला. खिडकीताईंना भडभडून आलं. पोरीच्या एका शब्दाला आपण जन्मभर भ्यालो. तिच्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या दिवशीही तिचं बोलणं तिच्या आईने ऐकायचं नाही का? पुसली गेली तर पुसली जाऊ दे. एकदा दत्तक घेतली होती, परत घेईन. त्यांनी दोन्ही बोळे काढले आणि मुठीत धरले.

"माझ्या आईबद्दल माझ्या तक्रारी आहेत," लेक म्हणाली.

माणसं चुळबुळली.

"हिची भाजी कायम खारट. हिने शिवलेले फ्रॉक एका बाजूने लांब. मला ताप आला की ही सारखी कपाळाला हात लावायची, धड झोपू द्यायची नाही. बाबा गेल्यावर एकटीने मला शिकवलं आणि स्वतः तेच जुने नाडीचे बूट घालून फिरत राहिली. मला भयंकर राग येतो त्याचा. म्हणजे मी माझ्या घरी असते तेव्हा येतो. हिच्यासमोर येत नाही, ही आणखी एक तक्रार."

लोक हसले. लाडाची थट्टा चालली आहे असं त्यांना वाटलं.

"सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच आहे. लहानपणी हिने माझ्या बुटाची नाडी बांधली, मी हिला एक शब्द म्हटला, आणि हिने मला विचारलं, कुणाची गं तू. कानात एक शब्द गेला तर काय होतं, ते मी तेव्हाच बघितलं. त्या दिवसापासून तो शब्द मी हिच्यासमोर उच्चारला नाही. एकदाही नाही. आणि ही बाई आजवर समजतेय की मला ते वळण हिने लावलं!" तिचा आवाज चिरकला. तिने नाक पुसलं. "तर इथल्या सगळ्यांचे मी आभार मानते. आईचे मानत नाही. कधीच मानणार नाही."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणाला कळेना. काकांनी मात्र उभं राहून वाजवल्या. बोळात लिफ्टवाला स्विचवर हात ठेवून ढसाढसा रडत होता, आणि तो दाबायचा होता हेही विसरून गेला होता.

माणसं पांगली तेव्हा खिडकीताई अजून खुर्चीतच होत्या. इतकी वर्षं हे सगळं त्या एकट्याच सांभाळत होत्या असं त्यांना वाटत होतं. दारात आईचे गाल धरून उभी राहिलेली ती एवढीशी पोर त्या दिवसापासून दोघींना सांभाळत होती. लेक समोर आली.

"भाषण केवढं लांबवलंस," खिडकीताई म्हणाल्या. "आणि रंग खरंच भडक आहे."

"माहितीये." लेकीची नजर खाली गेली. आईच्या बुटाची नाडी सुटली होती. ती तिथेच गुडघे टेकून बसली आणि बांधायला लागली. तिच्या डोक्याकडे बघता बघता तो जुना शब्द खिडकीताईंच्या अगदी ओठांवर आला. त्यांनी तो म्हटला असता तरी कुणाचं काही पुसलं गेलं नसतं. पण त्यांनी तो गिळला.

"किती घट्ट बांधतेस गं!"

"राहू दे घट्ट," लेक म्हणाली, आणि तिने वर आणखी एक गाठ मारली.