पुरवणी प्रोग्रॅम, लेखक अज्ञात

हे किस्से मी नेमके सांगतोय की नाही, याची मलाच खात्री नाही. दोन प्रसंगांचा एक करून सांगता, असं घरात म्हणतात. पण सत्तरच्या दशकात सांगलीच्या आमच्या संख्याशास्त्र विभागात असले प्रसंग इतके साचले, की थोडी सरमिसळ झाली तरी चालावं. निदान मला तसं वाटतं.

कॉम्प्युटर पुण्याला. भोकं पाडलेल्या कार्डांचे डबे घेऊन आम्ही एसटीनं जायचो आणि तिथल्या तयार प्रोग्रॅमवर आकडेमोड करून आणायचो. वाद एवढाच, की प्रबंधात त्या प्रोग्रॅमचं नाव द्यायचं का?

*

विभागप्रमुख ठाम होते. "भाकरी वाढताना चुलीचं नाव सांगतो का आपण?"

आष्ट्याचा चौगुले त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होता. म्हणाला, "आन् भाकरी करपली तर, सर? मग नाव कुणाचं?"

*

साताऱ्याच्या एका प्राध्यापकांनी नाव दिलं. पण सवय पुस्तकांची! लेखक, प्रकाशक, साल, सगळं भरलं आणि पृष्ठसंख्येपाशी अडले. शेवटी लिहिलं, "दोन डबे"!

*

चौगुलेचा विषय उसाचं उत्पन्न. काही शेतांचे आकडे मिळालेच नव्हते. अशी कसर भरून काढणारी एक छोटी जोड पुण्यात कुणीतरी मूळ प्रोग्रॅमला दिली होती. कुणी, ते कार्डांवर नव्हतं. चौगुलेनं संदर्भसूचीत टाइप केलं, "पुरवणी प्रोग्रॅम, लेखक अज्ञात."

प्रमुख हादरले. "बेवारशी गणितावर पीएच.डी. मागतोस? परीक्षक नापास करतील. खोड ते!"

"न्हाई सर. वापरलंय तर सांगाय नको?"

*

तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर होतो. बाहेरगावचे परीक्षक नेमके त्याच ओळीवर थांबले. प्रमुखांनी डोळे मिटले.

"ही जोड नीट चालते?"

"लय झकास चालती, सर! लिहिणारा गावला तर आष्ट्याला न्हेऊन उसाचा रस पाजणार हाय."

परीक्षकांनी पेन उघडलं. "बर्फ नको म्हणावं," असं पुटपुटले आणि सही केली.

आपण ऐकलं ते खरं का, ही शंका मला कित्येक वर्षं होती. निवृत्तीनंतर पुण्याच्या त्या केंद्रात जाऊन विचारलं. ती जोड त्या परीक्षकांनीच लिहिलेली होती.