नलिनीमावशींची तीन मिनिटं

नलिनी परुळेकर फोनवर तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलत नाहीत. समोरचा मुलीच्या साखरपुड्याची बातमी सांगत असला तरी मध्येच विचारतात, "झाली तीन मिनिटं. आणखी काही?" परगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. तेव्हा कॉल तीन-तीन मिनिटांनी मोजायचे. पुढे एसटीडी आलं, ट्रंक कॉल बंद पडले, मावशी बिलांच्या विभागात गेल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. पण ते घड्याळ काही अंगातून गेलं नाही. त्यांचा चहासुद्धा तीनच मिनिटं उकळतो.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत त्या माझ्या समोरच्या दारात राहतात. माहेर-सासर दोन्ही देवगडकडचं, वय अडुसष्ट. ज्येष्ठ नागरिकांच्या वर्गात त्या कॉम्प्युटर शिकायला गेल्या. बाकीची मंडळी फोटो पाठवायला शिकून घरी बसली, आणि या पायथन, म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा, शिकायला लागल्या. मला वही दाखवायच्या. एकेक ओळ टाक्यासारखी सुबक, समासात मराठीत टिपा. "नीट सांगितलं की मशीन ऐकतं गो," म्हणायच्या, "नवऱ्याला चार वेळा सांगावं लागायचं."

तो नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि घर अजून त्याच्याच नावावर होतं. घराचं शेअर सर्टिफिकेट आपल्या नावावर करून द्या, हा मावशींचा अर्ज सोसायटीकडे पडून होता. आमची इमारत पुनर्विकासाला जायची होती. त्याआधी हे काम झालं नाही, तर नव्या घराच्या करारावर मावशींचं नाव येणार नव्हतं. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे माझा नवरा, अनिरुद्ध. मी विचारलं की म्हणायचा, पुढच्या मीटिंगला घेतो.

जानेवारीत निनावी मेल यायला लागले. अठरा घरांना अठरा मेल, प्रत्येकाच्या नावानिशी. मजकूर एकच. बिल्डरने मंजुरीसाठी दिलेल्या नकाशात आपली घरं चारशे बारा फुटांची आहेत, आपल्याला दाखवलेल्या कागदावर चारशे साठ. मधले अठ्ठेचाळीस फूट कुठे गेले, ते सेक्रेटरींना विचारा.

लोक जिन्यात दबक्या आवाजात बोलायला लागले. कमिटीने ओळखीच्या एका कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने सांगितलं, पहिला मेल हॉलंडमधून आलाय. झालं, ज्यांचा जावई ॲमस्टरडॅमला आहे त्या तळमजल्यावरच्या बाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं नाही. दुसरा मेल रुमानियातून आलेला निघाला. रुमानियात मात्र कुणाचंच कुणी नव्हतं. मग त्याने खुलासा केला की याला टॉर म्हणतात. मेल देशोदेशीच्या मशीनमधून फिरवून आणतात, पाठवणारा सापडत नाही. हे काम कॉम्प्युटर जाणणाऱ्याचंच.

तेव्हा सगळ्यांची बोटं दुसऱ्या मजल्यावरच्या प्रबुद्ध वानखडेकडे वळली. तो पवईला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आणि आधीच्या मीटिंगमध्ये नकाशाची प्रत मागणारा तो एकटाच होता. वानखडे वाशिमहून इथे आले त्याला वीस वर्षं झाली. गणपतीच्या मांडवाची वायरिंग दरवर्षी प्रबुद्धच करतो. तरी त्या आठवड्यात जिन्यात "ही माणसं" असा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बोलणारीला मी काही बोलले नाही. ते मला अजून खुपतं.

माझा संशय मात्र वेगळ्याच जागी होता. मी अनिरुद्धला विचारलं, मेलमधले आकडे चुकीचे आहेत का? तो म्हणाला, मेल कोण पाठवतंय ते आधी कळलं पाहिजे. मी पुन्हा विचारलं. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. तेवीस वर्षांच्या संसारात तो असा आवाज वाढवतो तेव्हा काय समजायचं ते मला कळतं.

रविवारी अकराला शेजारच्या बालवाडीत मीटिंग भरली. आम्ही सगळे बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. अध्यक्षांनी प्रबुद्धला उभं केलं आणि फोन टेबलावर ठेवायला सांगितला. त्याने फोन ठेवला, लॅपटॉपची बॅगही ठेवली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. त्याच्या आईने पदर तोंडाला लावला होता.

अकरा एकवीसला पहिल्या फ्लॅटवाल्यांचा फोन वाजला. नवा मेल. अकरा चोवीसला दुसऱ्या फ्लॅटचा, सत्तावीसला तिसऱ्याचा. प्रबुद्ध तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता. जो तो स्वतःच्या फोनकडे बघत होता. नलिनीमावशी तेवढ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. काटा तिसावर आला, त्यांनी किंचित मान हलवली, आणि चौथा फोन वाजला.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. चहा उकळत होता.

"मावशी, तीन मिनिटं झाली," मी म्हटलं.

त्यांनी गॅस बंद केला आणि दोन कपांत चहा गाळला. मग खुर्चीत बसून सांगायला लागल्या. पूर्वी मुंबईहून देवगडला कॉल लावायचा तर मध्ये कोल्हापूरची बाई असायची. मुंबईवालीला फोन करणारा माहीत, कोल्हापूरवालीला फक्त अलीकडचं आणि पलीकडचं एक्स्चेंज, देवगडवालीला फोन घेणारा. टॉरचं तसंच आहे म्हणाल्या, मध्ये तीन मशीनं, पण सगळी साखळी एकालाही ठाऊक नाही. "फरक इतकाच, की आम्ही ऐकायचो," आणि हसू आलं त्यांना.

अठरा मेल एकदम सोडले तर स्पॅमच्या कचऱ्यात पडतात, म्हणून त्यांनी प्रोग्रॅममध्ये दोन मेलांच्या मध्ये थांबायची ओळ घातली होती. किती थांबायचं याचा विचारसुद्धा केला नव्हता. हाताने आपोआप लिहिलं, एकशे ऐंशी सेकंद. आजचे मेल मात्र मुद्दाम मीटिंगच्या वेळेला लावले होते, प्रबुद्धवरचा आळ जावा म्हणून.

"नवऱ्याला सांगशील?" त्यांनी विचारलं. "नाव घालून लिहिलं असतं तर माझा अर्ज कायमचा तळाला गेला असता, मृणाल. हे घर सोडून माका दुसरं काय आहे?"

मी म्हटलं, ते अंतर बदला. मला कळलं तसं उद्या दुसऱ्या कुणाला कळेल.

सोसायटीच्या फायली आमच्याच कपाटात असतात. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी परुळेकरांची फाईल मी अनिरुद्धच्या ताटलीशेजारी ठेवली आणि विचारलं, यात कुठला कागद कमी आहे? त्याने पानं उलटली. मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, दोन्ही मुलींची संमती. सगळं होतं. त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मेल तू पाठवतेस का?"

"मला पाठवता आले असते तर तुला विचारत बसले असते का?"

त्याचं समाधान झालं नाही. पुढचे चार दिवस मी फोन हातात घेतला की तो मान वळवून बघायचा. पण गुरुवारी कमिटी बसली, आणि शनिवारी त्यानेच सर्टिफिकेट मावशींच्या हातात दिलं.

मंगळवारी अकराला पुन्हा मेल सुरू झाले. सोसायटीच्या ग्रुपवर मेल आल्याआल्या लोक लिहीत होते, पहिला फ्लॅट अकरा वाजता, दुसरा अकरा तीन, तिसरा अकरा सहा. एवढं सांगूनही बाईने अंतर बदललं नव्हतं. आमचा फ्लॅट बारावा. अकरा तेहेतीसला आमचा मेल आला. आकडे तेच, प्रश्न तोच. या वेळी सोबत पालिकेतून काढलेला मंजुरीचा नकाशा आणि आम्हाला दाखवलेला कागद, दोन्ही होते, आणि खाली लिहिलं होतं, नलिनी वसंत परुळेकर, फ्लॅट अकरा.

अनिरुद्ध त्या दिवशी घरून काम करत होता. त्याने मेल वाचला. मग पुन्हा वाचला. कपाटातून बिल्डरचा कागद काढला आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. मी आमच्या दारातच उभी राहिले.

मावशींनी दार उघडलं. त्याच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"ये, अनिरुद्ध. चष्मा आणलास ना? आकडे बारीक आहेत."